डबा सेलूलाच राहील

लग्नाच्या पंगतीत वाढायला दौलतराव इखारांना बोलवू नये, हे आमच्या वर्ध्याजवळच्या सेलूत शहाण्यासुरत्या माणसांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. बोलावलं नाही तरी ते यायचेच, तो भाग वेगळा. बुंदीचं पातेलं एकदा हातात आलं की हा माणूस पंगतीच्या सुरुवातीकडे, जिथं व्याही, सरपंच आणि बाहेरगावचे बडे पाहुणे मांडी ठोकून बसलेले असत, तिकडे ढुंकूनही बघायचा नाही. तरातरा चालत शेवटच्या पत्रावळीपाशी जायचा. तिथं उशिरा आलेले, लांबच्या नात्यातले आणि बँडवाले बसलेले असत. त्यांच्यापासून वाढायला सुरुवात, आणि मग उलटं येत येत व्याह्यांपर्यंत. तोवर व्याह्यांचा वरणभात गार.

"इकडं वाढा ना जी साहेब," एकदा नवरदेवाचे मामा जरा तोऱ्यातच म्हणाले.

"येऊन राह्यलो ना. शेवट होऊ द्या आधी." आणि आले ते पंधरा मिनिटांनी.

हे खूळ कुठून आलं ते मला विचारा. इखारसाहेब पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते आणि मी त्याच शाखा कार्यालयात बाबू. बावीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. त्यामुळे मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही, बाबूच म्हणायचे. माझ्या बायकोला तर वाटायचं की साहेबांना माझं नाव ठाऊकच नसावं.

कालव्याची भानगड अशी असते की ज्याचं शेत तोंडाशी, तो पाण्यात डुंबतो, आणि ज्याचं शेवटाशी, त्याच्याकडे ओल पोचेपर्यंत पाण्याची पाळी संपून जाते. म्हणून पाळी शेवटाकडून सुरू करायची असा नियम आहे. नियम आमच्या फायलींत छान जपून ठेवलेला होता. इखारसाहेब तो फायलीतून काढून नहरावर घेऊन गेले, एवढाच त्यांचा गुन्हा.

एकदा तोंडाजवळच्या एका मातब्बर शेतकऱ्यानं पाळी नसताना गेट उचललं. साहेबांनी ते खाली पाडलं आणि त्याच्यावर बसून राहिले. मातब्बर गडी जीप घेऊन आला, बोट नाचवून बोलला, वरच्यांची नावं घेतली. साहेबांनी जेवणाचा डबा उघडला, भाकरीवर ठेचा ठेवला आणि त्याच्यापुढे धरला. "खा जी. मिरच्या घरच्याच हायेत." तो गडी पाय आपटत गेला. साहेब तिथंच बसले, शेवटच्या शेतातून पाणी पोचल्याचा निरोप येईपर्यंत. तो आला संध्याकाळी पाचला. मग उठले, पँट झटकली आणि सायकल काढली.

त्यांच्या खिशात कायम एक सुतळी असे, बोटाबोटावर गाठी मारलेली. गेटपाशी पाण्यात सोडायची आणि किती गाठी भिजल्या ते बघायचं. सरकारी मोजपट्टी होती, पण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पुढं पुढं त्या सुतळीनं ते काहीही मोजू लागले. टरबूज, गादी, माझ्या नातवाची उंची. आणि भेटल्यावर रामराम नाही, नमस्कार नाही. "काऊन बाबू, पानी पोचलं काय?" माझ्या पित्ताच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात आले, तेव्हाही हेच विचारलं. नर्सला वाटलं सलाईनबद्दल विचारतात. तिनं बिचारीनं नळी तपासली.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत शांतावहिनी गेल्या. घरात ते एकटे. एकुलती एक मुलगी मंजू, ती पवनचक्क्यांची इंजिनियर. आधी तिकडं गुजरातेत होती, मग कंपनीनं उचलून थेट अर्जेंटिनात नेऊन ठेवली. दर रविवारी फोन यायचा. तसा एका रविवारी आला आणि सोमवारी सकाळी सातला साहेब माझ्या ओसरीवर हजर. हातात मंजूच्या शाळेतला जुना नकाशा.

"बाबू, पासपोर्ट काढ."

"कशाले?"

"मंजूनं पोट्टं पसंत केलं. पाहाले जा लागते."

"कुठी?"

त्यांनी नकाशा उघडला आणि दक्षिण अमेरिकेवरून बोट खाली, आणखी खाली, पार खाली नेलं. "इथं. पाय बाबू, याच्या खाली काईच नाई. बरफ हाय. मी जलमभर शेवटाले पानी नेलं, अन् माही पोरगी पार टेलवर, शेवटाच्या शेवटाले चालली." चहा आला. त्यांनी कपाला हातही लावला नाही. "एवढ्या लांब मायं काई पोचन काय रे? हो म्हनलो अन् मंग ती आलीच नाई तं? शांता असती तं गोष्ट येगळी होती. मी एकटा कसा सांगू हो का नाई?"

साहेबांना मी बावीस वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. मी नको तिथं हो म्हणून बसलो.

आमच्यात मुलगा पाहायला पाच जण जातात. साहेबांनी पाच धरले होते. त्यांचे मेव्हणे विमानाचं नाव ऐकूनच आजारी पडले, एका चुलतभावाची कापूस वेचणी आडवी आली, तिसऱ्याचा पासपोर्ट निघाला नाही. उरलो आम्ही दोघं, दोघांचे मिळून साडेचार दात खरे. दिवाळी आटोपल्यावर नागपूरहून निघालो. चार विमानं बदलली. सामानात कपडे कमी आणि कुरडया, सरगुंडे, हळदतिखट आणि वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे सहा पुडे जास्त. तिकडच्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं सरगुंडे उजेडाकडे धरून पाहिले. गव्हाच्या पिठाची ती वळी त्याला कसली वाटली कोण जाणे. साहेबांनी हाताचा पंजा करून तोंडाकडे नेला, पोट चोळलं आणि मान डोलावली. त्या माणसानं सोडलं आम्हाला.

तो मुलूख म्हणजे वारा. नुसता वारा. माझी टोपी पहिल्याच दिवशी गेली, ती बहुतेक समुद्रात पडली असेल. सगळीकडे उजाड, खुरटी काटेरी झुडपं, आणि मधोमध एका नदीच्या काठानं हिरवी पट्टी. त्या पट्टीत गायमन नावाचं गाव. मंजू आम्हाला दोन दिवस हिंडवत होती. दगडी घरं, साधी कौलारू प्रार्थनाघरं, जुनं रेल्वेस्टेशन, सरळ उंच झाडांच्या रांगा. दीडशेच्या वर वर्षांपूर्वी वेल्स नावाच्या डोंगराळ देशातून माणसं जहाज भरून इथं आली, असं मंजूनं सांगितलं. आपली भाषा आणि आपला देवधर्म आपल्या मनाप्रमाणे करता यावा म्हणून इतक्या लांब. आजही म्हातारी माणसं घरात तीच भाषा बोलतात. ओवेन, म्हणजे आमचं पोट्टं, त्यांच्यातलाच. आईवडील लहानपणीच गेलेले, आजीनं वाढवलेला. मंजूच्याच कंपनीत. "उद्या चार वाजता आजीकडे चहाला जायचं आहे," मंजू म्हणाली. "बाबा, तिथं सुतळी काढू नका."

साहेबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. "बाबू, नहर हाय इथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्यांनी मला उठवलं. आम्ही कालव्याच्या काठानं चालत निघालो आणि साहेब बोलायलाच लागले, हा बांध कसा, शेताकडची ही चारी कुठं जाते. अर्ध्या तासावर एक गेट सताड उघडं. पाणी एका फळबागेत चाललेलं आणि बागेचा बांध फुटून अर्धं रस्त्यावर. आसपास चिटपाखरू नाही.

"बाबू, पानी वाया चाललं."

"साहेब, हा आपला नहर नाई."

"पानी कुठचंबी असो." आणि मी हात धरेपर्यंत त्यांनी चाक फिरवून गेट बंद केलं. सुतळी सोडली, गाठी मोजल्या, समाधानानं सुतळी पिळून खिशात टाकली.

आम्ही वीस पावलं गेलो नसू, तोच मागून आवाज. एक म्हातारी, ऐंशीच्या घरातली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात फावडं, तावातावानं काहीतरी बोलत आली. आली ती गेटपाशी, आणि चाक उलटं फिरवायला लागली. साहेबांनी सवयीनं चाकावर हात ठेवला. तिनं फावडं आडवं धरलं. मला तर घामच फुटला, त्या गारठ्यात. साहेब शांतपणे वऱ्हाडीत म्हणाले, "बाई, बांध फुटला तुमचा. तिकडं पाहा," आणि रस्त्याकडे बोट केलं. तिनं पाहिलं. ती बांधाकडे गेली आणि माती ओढायला लागली. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट काढले आणि उतरले चिखलात. ती माती ओढते, हे पायानं दाबतात. दहा मिनिटांत बांध पक्का. मग तिनं स्वतः जाऊन गेट उघडलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. पाळी तिचीच होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

दुपारी चारला धुतलेले कपडे घालून, टिळा लावून आम्ही ओवेनच्या आजीच्या दारात. दार उघडलं. तीच म्हातारी. मी साहेबांच्या मागे सरकलो.

त्या मेगनबाई. त्यांच्या भाषेतलं ओवेन मंजूला सांगायचा आणि मंजू आम्हाला सांगायची, त्यामुळे आमच्या कानावर मेगनबाई अस्सल वऱ्हाडीतच यायच्या. पहिलं वाक्य असं आलं: "ह्याच मानसानं सकाळी मायं पानी बंद केलं." ओवेन हा सहा फुटी, अबोल पोरगा. त्याचे कान टमाट्यासारखे लाल झाले. मंजूनं कपाळावर हात मारला.

"माफी मांगतो म्हना," साहेब म्हणाले. "पण बांध फुटला होता."

मेगनबाईंनी विचार केला. "फुटला होता हे खरं." मग खुर्चीकडे हात केला आणि विचारलं, "तुमचं वावर नहराच्या तोंडाशी हाय का शेवटाशी?"

"शेवटाशी. तुमचं?"

"शेवटून दुसरं."

साहेब खुर्चीत नीट मागे रेलून बसले. इतका वेळ ते कडेवर टेकले होते.

मग ते टेबल आलं बाबा. लोकरीचं टोपडं घातलेली किटली. कागदासारखे पातळ कापलेले पावाचे तुकडे, लोणी लावलेले. तीन प्रकारचे मुरंबे, घरचं चीज, सफरचंदाचा गोड पदार्थ, सायीचा आणखी एक. खाणं संपलं की बशी पुन्हा भरलेली. तिकडं म्हणे पूर्वी शेतावरच्या बायका रविवारी प्रार्थना झाली की असा चहा मांडत, आणि आता सगळ्या गावाची ती ओळखच झाली आहे. मी पावाचे अकरा तुकडे खाल्ले. साहेब बघत होते, मी मोजले नाहीत, त्यांनी मोजले. आणि शेवटी आला काळा केक. गूळ घातल्यासारखा काळा, मनुका आणि अक्रोडांनी गच्च.

साहेबांचा हात थांबला. "मंजू, याच्यात दारू असते म्हनतात ना?" आम्ही वर्धा जिल्ह्याचे, आमच्याकडे दारूबंदी. साहेबांनी तर मळीचा वास आला तरी रस्ता बदलावा.

मेगनबाईंना प्रश्न समजला तशा त्या ताठ झाल्या. "आमच्या घरात? आमी प्रार्थनाघरातले लोक हावो. काळ्या चहात भिजवते मी मनुका." साहेबांनी केक खाल्ला, मग दुसरा तुकडा मागितला. आणि पिशवीतून गोरसपाकाचा पुडा काढून टेबलावर ठेवला. मेगनबाईंनी एक चहात बुडवला, डोळे मिटून खाल्ला, आणि पुडा आपल्या बाजूला ओढून घेतला तो घेतलाच.

बोलता बोलता त्या सांगायला लागल्या. पहिली माणसं आली तेव्हा इथं पाऊस नाही, गहू उगवून जळून जायचा. लोक परत जायच्या गोष्टी करत होते. तेव्हा एका बाईच्या ध्यानात आलं की नदीचं पाणी शेतापेक्षा उंचावर आहे. नवऱ्याला म्हणाली, काठ फोडून चर खण. खणला, आणि सगळं खोरं हिरवं झालं.

"बाईनंच सांगतलं असन," साहेब म्हणाले. "इंजिनियरले सुचत नाई." मंजूनं हे भाषांतर केलं नाही.

मग मेगनबाई उठल्या आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या, रंग उडालेला. आत कागदात गुंडाळलेला काळा खडा. त्यांच्या लग्नाचा केक. त्यांच्यात पद्धत अशी की लग्नातल्या केकचा एक थर डब्यात घालून जपायचा आणि दर वर्षी लग्नाच्या दिवशी नवराबायकोनं त्यातला एकेक घास खायचा. "आता घास होत नाई," त्या म्हणाल्या. "नवरा गेला त्याले बारा वर्सं झाले. दगड झाला हाय. एक कनी तोडते, चहात भिजवते." ज्याच्या त्याच्या लग्नाचा डबा नवऱ्याच्या घरच्या कपाटात राहतो, चार पिढ्यांचे डबे ह्याच कपाटात राहिले, असंही सांगितलं. साहेबांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, आत पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं आणि परत दिला.

हो की नाही, ते मात्र बोलले नाहीत. चार दिवस गेले. मंजू माझ्याकडे बघायची, मी छताकडे. मधल्या काळात साहेबांनी मेगनबाईंच्या बागेत विस्तवावर रोडगे भाजले आणि वांग्याची भाजी केली. रोडगा फोडताना तूप मेगनबाईंच्या कोपरापर्यंत ओघळलं, तरी बाई थांबल्या नाहीत. पण मुलाबद्दल एक अक्षर नाही. "पाहून राह्यलो," एवढंच.

शनिवारी बागेच्या पाण्याची पाळी होती, दहा ते दोन. ओवेन पाणी फिरवत होता. साहेबांनी खुर्ची मागवून गेटपाशी मांडली, रुमाल डोक्याला बांधला आणि बसले. मी शेजारी. एक वाजला आणि पोरानं गेट खाली केलं, तासभर आधीच. फावडं खांद्यावर टाकून कालव्याच्या काठानं खाली चालत निघाला.

"कुठी चालला?" साहेब उठले. आम्ही मागं मागं. पुढं शेवटची एक लहानशी बाग होती, एका पाय मोडलेल्या म्हाताऱ्याची. ओवेन चारीत उतरून हातानं गवत उपटत होता, पाणी पुढं सरकावं म्हणून. पाणी शेवटच्या झाडाच्या आळ्यात शिरेपर्यंत तो हलला नाही. आम्ही झाडाआडून बघतोय हे त्याला माहीत नव्हतं. मागून मेगनबाई आल्या होत्या. त्यांनी हातवारे करून सांगितलं, आणि मला भाषांतराशिवाय समजलं: आपण पूर्ण पाळी घेतली तर इथं काही पोचत नाही, म्हणून हा नेहमीच असं करतो, ह्याचा आजाही करायचा.

साहेब चारीपाशी उकिडवे बसले. सुतळी सोडली. "चार गाठी," स्वतःशीच म्हणाले. परत येताना वाटेत फक्त म्हणाले, "पोट्टं बरं हाय बाबू." त्यांनी आयुष्यात ह्याच्यापेक्षा जास्त कौतुक कुणाचं केलेलं मी ऐकलं नाही.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना मेगनबाईंच्या टेबलाशी बसवलं. "मायं हो हाय," म्हणाले. मंजू रडायलाच लागली. "थांब. एक अट हाय. लगन सेलूले होईन. अन् यायच्या केकचा डबा सेलूलेच राहीन."

मंजूनं भाषांतर केलं. मेगनबाईंचा चेहरा बदलला. डबा? डबा मुलाच्या घरी राहतो. चार पिढ्या. त्यांनी कपाटाकडे हात केला.

"अर्धा इथं, अर्धा तिथं ठेवू, बाबा," मंजू म्हणाली.

"अर्धा नाई. सगळा. वर्साचा घास खायाचा असन तं दोघायनं सेलूले या लागीन." ते मंजूकडे वळले. "मले दुसरं काई नको. तू येशील का नाई याचा भरोसा मले नकाशातून लागत नाई मंजू. डबा माया घरी असन तं येशील."

ओवेननं हलक्या आवाजात आजीला ते सगळं सांगितलं. मेगनबाईंनी मंजूला विचारलं, "याले आनखी लेकरं हायेत?"

"नाई. मी एकटीच."

त्या बराच वेळ किटलीचं टोपडं नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "मंग डबा त्याचा."

माघात लग्न झालं, सेलूच्या मंगल कार्यालयात. मेगनबाई आल्या, ऐंशी वर्षांच्या, चार विमानं बदलून, मांडीवर नव्या केकचा डबा घेऊन. केक घरचा, मनुका काळ्या चहात भिजवलेल्या. पंगत बसली. विहीणबाई म्हणून आमच्या बायकांनी त्यांना अगदी पहिल्या पानावर, पाटाभोवती रांगोळी घालून बसवलं. साहेब बुंदीचं पातेलं घेऊन निघाले आणि व्हायचं तेच झालं. पहिल्या पानाकडे पाठ करून चालायला लागले. आमच्या घरच्या मंडळींनी डोळे वटारले, मी बाही धरली. तेवढ्यात मेगनबाई उठल्या. पत्रावळ उचलली, पाणी प्यायचा पेला उचलला आणि साहेबांच्या मागोमाग चालत पार टोकाला जाऊन बँडवाल्यांच्या शेजारी मांडी घालायचा प्रयत्न करत बसल्या. साहेबांनी पहिली बुंदी त्यांना वाढली. बँडवाल्यानं विहीणबाईंना मांडीखाली घ्यायला आपला कोट दिला.

डबा सेलूला राहिला. फ्रीजमध्ये, दूध ठेवायच्या जागेखाली, वर खडूनं लिहिलेलं: हात लावू नये. लाइट गेली की साहेब बर्फ आणायला सायकलवर धावायचे. मे महिन्यात तर ते फ्रीजजवळ खाट टाकून बसत. दर वर्षी माघात मंजू आणि ओवेन यायचे, एकेक घास खायचे, पंधरा दिवस राहायचे. ओवेन आमच्या नहरावर साहेबांच्या मागं फिरायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्याची गरजही पडत नव्हती. "पानी पोचलं काय?" एवढं त्याला येऊ लागलं. पानटपरीवर सगळ्यांना तेच विचारायचा.

तीन घास झाले. चौथ्या वर्षीच्या दसऱ्याला साहेब गेले, झोपेतच. मंजू आली, सगळं केलं, गेली. जाताना डब्याकडे तिनं पाहिलं नाही, मीही काढला नाही. आमच्या घरी आणून ठेवला, फ्रीजमध्ये.

ह्या माघात दोघं आली. मला वाटलं नव्हतं येतील. कपडे बदलायच्या आधीच मंजू म्हणाली, "काका, डबा." मी काढून दिला. तिनं झाकण उघडलं. वर केक, कडेनं बारीक सुरीच्या खुणा, अगदी सारख्या अंतरावर. आणि एका कोपऱ्यात लहानशी पुडी, बटर पेपरात बांधलेली, सुतळीनं. वर साहेबांचं वळणदार अक्षर: पन्नासावा.

"काका, हे काय आहे?"

मला ठाऊक होतं. पोळ्यानंतरची सकाळ होती ती, मी त्यांना भेटलो ती शेवटची नीट भेट. मी गेलो तेव्हा साहेब टेबलाशी बसलेले, समोर उघडा डबा, नाकावर चष्मा, आणि ती गाठींची सुतळी केकवर आडवी धरलेली. मोजत होते आणि सुरीच्या टोकानं खुणा करत होते.

"साहेब, काय करून राह्यले?"

"पन्नास वर्स पुरवा लागते बाबू. जाड कापून राह्यले होते ते दोघं. असं तं पंधराव्या वर्सालेच संपन." त्यांनी शेवटच्या खुणेवर सुरी ठेवली आणि पहिल्यांदा तोच तुकडा कापला. पोस्टाच्या तिकिटाएवढा. कागदात घातला, सुतळीचा एक तुकडा तोडून बांधला, पेन काढून वर लिहिलं.

"पन्नास वर्सं?" मी म्हटलं. "तवा आपन असू काय? अन् हे टिकन काय?"

"टिकन नाई तं नाई. पन्नासाव्याच्या वाट्याचं काढून ठेवलं ना आधी. आता मधातलं कोनी कसंबी खावो, शेवटाले पोचलं." त्यांनी पुडी डब्याच्या कोपऱ्यात नीट बसवली, झाकण लावलं, दोनदा दाबून पाहिलं. कापताना सुरीला थोडा चुरा लागला होता. तो त्यांनी बोटानं गोळा केला, निम्मा स्वतःच्या तोंडात टाकला आणि उरलेला माझ्या तळहातावर ठेवला.

"घे बाबू. तुई पाळी."